फ्रीटाउनच्या धक्क्यावरचे वर्ष

‘ग्लोबल मर्सी’ हे रुग्णालय-जहाज ऑगस्ट २०२३ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनची राजधानी फ्रीटाउन येथील क्वीन एलिझाबेथ धक्क्याला लागले आणि पुढच्या वर्षीच्या जूनपर्यंत तिथेच उभे होते. तेवढा काळ मी त्या जहाजाच्या वॉर्डात परिचारिका म्हणून स्वयंसेवा केली. आधीची तयारी आणि नंतरची आवराआवर धरली तर सगळे मिळून वर्ष झाले. नाशिकला परतल्यापासून आमच्या मंडळीतली (म्हणजे चर्चमधली), नात्यातली आणि जुन्या वॉर्डातली माणसे एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारत आली आहेत : मिशनरी म्हणून गेलात, म्हणजे तिथे नेमके केले काय? प्रश्न आस्थेने विचारला जातो आणि त्याचे उत्तर दारात उभ्या उभ्या देता येत नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आधी जहाजाविषयी सांगते. ‘मर्सी शिप्स’ ही ख्रिस्ती सेवासंस्था डॉन आणि डेयॉन स्टीव्हन्स या दांपत्याने १९७८ मध्ये सुरू केली. वापरलेली जहाजे विकत घ्यायची आणि त्यांची रुग्णालये करायची, हा तिचा सुरुवातीचा मार्ग होता. ‘ग्लोबल मर्सी’ मात्र रुग्णालय म्हणूनच मुळापासून बांधून घेतले. चीनमध्ये बांधलेले हे जहाज २०२१ मध्ये संस्थेच्या ताब्यात आले. लांबी १७४ मीटर, मजले १२, शस्त्रक्रियागृहे ६ आणि खाटा दोनशेच्या घरात. कप्तानापासून स्वयंपाकघरात भांडी घासणाऱ्या मुलापर्यंत परदेशाहून आलेले जवळजवळ सगळेच स्वयंसेवक असतात. त्यांना पगार नसतो. उलट राहण्याजेवण्याचा खर्च दरमहा ज्याचा त्याने भरायचा असतो. रुग्णाकडून शस्त्रक्रियेचे पैसे घेतले जात नाहीत.

हा सगळा खटाटोप जहाजावर कशासाठी करायचा, असे मलाही आधी वाटले होते. शस्त्रक्रियेला सर्जन लागतो हे खरेच, परंतु त्याच्याइतकीच न जाणारी वीज लागते, स्वच्छ पाणी लागते, ऑक्सिजन लागतो, भूल देणारा डॉक्टर लागतो आणि निर्जंतुक केलेली अवजारे वेळेवर हातात यावी लागतात. यांपैकी एक जरी नसले तरी बाकीच्यांचा उपयोग होत नाही. जहाज हे सारे स्वतःबरोबर घेऊन येते. जगातल्या सुमारे पाच अब्ज लोकांना सुरक्षित आणि परवडणारी शस्त्रक्रिया मिळत नाही, असे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०१५ मध्ये नोंदवले आहे. त्या पाच अब्जांपैकी काही माणसे आमच्याकडे येत होती : कित्येक वर्षे हर्निया सोसत ओझी वाहणारा हमाल, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकल्यामुळे नातवाचा खांदा धरून चालणारी आजी, गुडघ्यांतून कमानीसारखे पाय वाकलेली मुले. यांतला एकही आजार मला नवा नव्हता. आपल्याकडच्या तालुक्याच्या गावी ज्यांवर वेळेत इलाज होतो, तेच आजार इतके वाढलेले मात्र मी कधी पाहिले नव्हते.

माझे शिक्षण मिरजेच्या मिशन हॉस्पिटलातले. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये उभारलेल्या त्या रुग्णालयाच्या आवारात, परदेशातून आपल्याकडे आलेल्या लोकांच्या आठवणी ऐकत आम्ही शिकलो. पुढे नोकरीतली बरीच वर्षे शस्त्रक्रियेच्या आणि भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डात गेली. मुले मार्गी लागली, तेव्हा यजमानांनीच विषय काढला की, इतकी वर्षे म्हणत आली आहेस तर आता जाऊन ये. ज्या वाटेने कोणीतरी आपल्यापर्यंत आले, त्या वाटेने आपणही कोणाकडे तरी जावे, ही माझी इच्छा एवढीच साधी होती.

माझी नेमणूक बहुतेक काळ भाजल्यानंतर आखडलेल्या अवयवांच्या रुग्णांकडे होती. सिएरा लिओनच्या खेड्यांत तीन दगडांच्या चुलीवर अंगणात स्वयंपाक होतो. रांगते मूल विस्तवात पडते, जखम कशीबशी भरते, आणि भरताना कातडी आवळत जाऊन हात कोपरात, बोटे तळव्यात किंवा हनुवटी छातीला जखडून जाते. कोनो जिल्ह्यातून आलेल्या एका सहा-सात वर्षांच्या मुलीची उजव्या हाताची चार बोटे तळव्याला पूर्ण चिकटलेली होती. अंगठा तेवढा मोकळा होता. सर्जनांनी बोटे सोडवली, मांडीची पातळ कातडी काढून तळव्यावर बसवली आणि हात फळीसारख्या पट्टीवर सरळ बांधून तिला वॉर्डात पाठवले. शस्त्रक्रियेला काही तास लागले. तो हात कामाचा होण्यासाठी पुढे कित्येक महिने लागणार होते.

पहिले ड्रेसिंग उघडण्याचा दिवस अशा रुग्णांसाठी सर्वांत कठीण असतो. कातडी जिथे बसवली तिथे दुखते त्यापेक्षा जिथून काढली तिथे, म्हणजे मांडीवर, अधिक दुखते, कारण वरचा थर गेलेला असतो आणि जाळीची पट्टी जखमेला घट्ट धरून बसते. मुलीला वेदनाशामक औषध दिले होते, तरीही माझा हात जवळ येताच ती आईच्या अंगात शिरू लागली. मी कोमट सलाईन वाटीत ओतले, सुई नसलेली मोठी सिरिंज भरली आणि ती तिच्या मोकळ्या डाव्या हातात दिली. दुभाष्याने तिला समजावले की पट्टी भिजवण्याचे काम तिचे, ती पुरेशी भिजली की नाही हे तिने सांगायचे आणि तिने सांगितल्याशिवाय सिस्टर ओढणार नाही. तिने सिरिंजचा दट्ट्या जरासा दाबला, धार पट्टीवर पडली, थांबली, पुन्हा दाबला. पट्टीची कड पांढरीची करडी झाली आणि बोटभर सुटली. तेवढीच मी उचलली. पुन्हा वाटी भरली. असे बोट-बोट करत सारी पट्टी निघायला जवळजवळ सगळी दुपार गेली, आणि वॉर्डच्या प्रमुख सिस्टरने मला घाई करायला एकदाही सांगितले नाही. मोठ्या सरकारी वॉर्डात तीस ड्रेसिंगे एका पाळीत उरकावी लागतात, तिथे एका मुलीला अशी दुपार देता येत नाही, हे मला ठाऊक आहे आणि तिथल्या सिस्टरांना मी जराही दोष देणार नाही. परंतु त्या दुपारी मी जे केले त्यालाच मी माझे मिशन समजते.

वॉर्डाची रचनाही निराळी होती. खाटा जवळजवळ आणि मध्ये पडदे फारसे ओढलेले नसत. प्रत्येक खाटेखाली एक गादी, आणि त्या गादीवर रुग्णाची आई, आजी, बाप किंवा भाऊ झोपलेला असे. रात्रपाळीला बॅटरी घेऊन फिरताना खालच्या माणसाच्या हातापायांवर पाऊल पडणार नाही याची काळजी घ्यावी लागे. पहिल्या आठवड्यात मला ही गर्दी वाटली. नंतर लक्षात आले की रात्री रडणारे मूल मी पोचण्याआधीच शांत झालेले असते, कारण खालून एक हात वर आलेला असतो. आणि तो हात कधीकधी शेजारच्या खाटेखालच्या, भाषासुद्धा वेगळी असलेल्या बाईचा असतो. आपल्याकडे नातेवाइकांना वॉर्डाबाहेर काढण्यात आमची अर्धी शक्ती जाते. त्यांना आत घेऊन त्यांच्यावर सोपवता येईल असे किती काम असते, ते मी तिथे पाहिले आणि ते इथेही करता यावे असे मला मनापासून वाटते.

जबड्याच्या गाठींचे रुग्ण दुसऱ्या वॉर्डात असत, तरी पाळ्या बदलल्या की तिथेही जावे लागे. ही गाठ बहुधा कर्करोगाची नसते. हळूहळू वाढते, शरीरात इतरत्र पसरत नाही. आपल्याकडे दाताच्या डॉक्टरला ती एक्स-रेमध्ये लहान असतानाच दिसते. तिथे ती दहा-पंधरा वर्षे वाढत राहते, दात विस्कटून जातात, जीभ मागे रेटली जाते, आणि शेवटी माणूस उपासमारीने किंवा श्वास कोंडून दगावू शकतो. मधल्या वर्षांत त्याला माणसांतून उठवले जाते. कोणीतरी करणी केली, शाप लागला, असे बोलले जाते आणि शेजारी ताटाला ताट लावून बसत नाहीत.

कैलाहुन या अगदी पूर्वेकडच्या जिल्ह्यातून आलेले एक गृहस्थ दिवसभर चेहऱ्यावरून टॉवेल ओढून बसत. वयाने माझ्या थोरल्या भावाएवढे. शिक्षक होते, पण गाठ वाढल्यावर शाळा सोडली होती. शस्त्रक्रियेत जबड्याचा मोठा भाग काढून तिथे टायटॅनियमची पट्टी बसवली. पहिले काही दिवस नाकातल्या नळीतून पातळ आहार आणि बोलणे पाटीवर लिहून, असे चालले. त्यांचे इंग्रजी हस्ताक्षर देखणे होते. वॉर्डातल्या मुलांनी ती पाटी पाहिली आणि पुढच्या दोन दिवसांत त्यांच्या खाटेभोवती शाळाच भरली. पायाला प्लास्टर घातलेली मुले कुबड्या टेकत येत, ते अक्षर काढत, मुले ओरडून वाचत. टॉवेल कधी बाजूला पडला ते मला सांगता येणार नाही. एका संध्याकाळी तो पाटी पुसायला वापरलेला दिसला. काही महिन्यांनी कंबरेचे हाड घेऊन जबड्यात बसवण्याची दुसरी शस्त्रक्रिया करायची होती. त्यासाठी ते परत आले तेव्हा गावातल्या शाळेने त्यांना पुन्हा वर्गावर घेतले होते, आणि त्यांनी मुलांच्या उत्तरपत्रिका तपासायला सोबत आणल्या होत्या.

सगळ्यांना बरे करता येत नव्हते, हेही सांगितले पाहिजे, कारण परतलेल्या स्वयंसेवकांच्या बोलण्यात ही बाजू फार कमी येते. शस्त्रक्रियेसाठी निवड करताना जितक्यांना होकार मिळतो त्याहून कितीतरी जणांना नकार द्यावा लागतो. काहींचा आजार जहाजावरच्या सोयींपलीकडचा असतो. काहींचा कर्करोग इतका पुढे गेलेला असतो की शस्त्रक्रिया केली तर आयुष्य वाढण्याऐवजी कमीच होईल. काही दिवस मी त्या कामाला मदतीला होते. एका बाईला घेऊन तिचा नवरा दोन दिवसांचा प्रवास करून आला होता. डॉक्टरांनी खुर्ची ओढून, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीला बसून, काहीही न लपवता सांगितले. दुभाष्याने ते मेंडे भाषेत सांगितले आणि सांगताना त्याचाही आवाज जड झाला. नवऱ्याने बराच वेळ काही विचारले नाही, नंतर एवढेच विचारले की तिला दुखू नये म्हणून काही देता येईल का. ते देता आले. जखमेचे ड्रेसिंग कसे बदलायचे हे मी त्याला शिकवले, आणि त्याने माझ्यासमोर ते दोनदा नीट करून दाखवले. त्या रात्रीच्या प्रार्थनेत मी देवाजवळ तक्रारच केली. ती तक्रार अजूनही संपलेली नाही, आणि मला वाटते की ती करत राहण्यात श्रद्धेला बाधा येत नाही.

आता ज्यांच्याविषयी सर्वाधिक लिहायचे आहे, त्या स्थानिक सहकाऱ्यांकडे वळते. क्रिओ ही बोली सगळ्यांना जोडणारी असली, तरी खेड्यांतून आलेले रुग्ण मेंडे, टेम्ने, लिंबा अशा भाषा बोलतात. वॉर्डात प्रत्येक पाळीला फ्रीटाउनची तरुण मुले-मुली दुभाषे म्हणून पगारावर काम करत. परदेशी परिचारिका दोन-तीन महिन्यांनी बदलत. एखाद्या रुग्णाला एका मुक्कामात चार देशांच्या सिस्टर भेटत आणि त्याने प्रत्येकीशी नव्याने जुळवून घ्यायचे असे. दुभाषे मात्र तेच असत. कोणाचे मूल घरी आजारी आहे, कोण रात्री घाबरते, कोणाला भात हवा आणि कोणाला ब्रेड चालत नाही, हे सारे त्यांना ठाऊक असे. माझे स्पष्ट मत आहे की जहाजावरच्या सेवेचा मोठा वाटा त्यांचा होता आणि आम्हा बाहेरच्यांची छायाचित्रे जेवढी छापली जातात त्या मानाने त्यांचे नाव फार थोडे घेतले जाते.

त्यांपैकी एकाने २०१४ मध्ये, इबोलाच्या साथीत, मृतदेह पुरणाऱ्या पथकात काम केले होते. त्या साथीत सिएरा लिओनमध्ये चार हजारांच्या आसपास माणसे गेली. डॉक्टर आणि परिचारिकाही मोठ्या संख्येने गेल्या. केनेमाच्या रुग्णालयात इबोलाच्या रुग्णांवर उपचार करणारे डॉ. शेख उमर खान त्याच वर्षी जुलैत त्याच आजाराने वारले. साथीच्या काळात हात मिळवणे बंद होते, मृताला आंघोळ घालणे बंद होते, आई आजारी पडली तर मुलाने तिला शिवायचे नाही असा नियम होता. हा तरुण नवीन रुग्ण वॉर्डात आला की बोलण्याआधी त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेई आणि काही क्षण तसाच धरून ठेवी. मी कारण विचारले तेव्हा तो म्हणाला की, त्या दिवसांत त्याने अनेकांना हातमोजे घालून उचलले, आता मोकळ्या हाताने धरता येते तर तो धरतो. नंतर मीही तसेच करू लागले. चेहऱ्यावर गाठ असलेल्या माणसाला कोणी हात लावून किती वर्षे झाली असतील, याचा अंदाज त्या पहिल्या स्पर्शात येत असे. काहीजण दचकत, काहीजण हात सोडतच नसत.

रविवार, २६ नोव्हेंबर २०२३ ही तारीख आमच्यापैकी कोणीच विसरणार नाही. त्या पहाटे शहरातल्या विल्बरफोर्स लष्करी छावणीवर सशस्त्र हल्ला झाला, मध्यवर्ती तुरुंगाची दारे फोडली गेली आणि दोन हजारांच्या आसपास कैदी बाहेर पडले. सरकारने देशभर संचारबंदी लावली. आम्हांला जहाजावरून उतरायला मनाई झाली. वॉर्डातली मोठी माणसे १९९१ ते २००२ या यादवी युद्धातून गेलेली होती, त्यांना बातमी समजावून सांगण्याची गरज पडली नाही. एका आजीने नातवाला खाटेवरून खाली घेतले, गादी भिंतीकडे ओढली आणि त्याला पोटाशी धरून ती पडून राहिली. दिवसपाळीचे दुभाषे येऊ शकत नव्हते. रात्रपाळीचे घरी जाऊ शकत नव्हते, त्यांच्या घरी बायकामुले होती आणि फोन लागत नव्हते. तरीही ते कामावर उभे राहिले; आळीपाळीने तासभर झोपायचे आणि पुन्हा वॉर्डात यायचे, असे त्यांनी आपसांत ठरवून घेतले. दुपारी त्यांच्यातल्या एका मुलीने हळू आवाजात गाणे धरले आणि एकेका खाटेवरून आवाज मिसळत गेले. जिन्याशी पहारा देणारे निवृत्त गुरखा सैनिक नेपाळचे. त्यांच्याशी माझे हिंदीत बोलणे होई. त्या संध्याकाळी त्यांतले एक म्हणाले, “दीदी, आप आराम से ड्युटी कीजिए, हम लोग हैं.” परक्या देशात, अशा दिवशी, आपल्या कानाला ओळखीचे बोलणे किती आधार देते हे मला तेव्हा कळले.

धर्माविषयी मला सर्वाधिक प्रश्न विचारले जातात. सिएरा लिओनमध्ये मुसलमान बहुसंख्य आहेत, ख्रिस्ती अल्पसंख्य. एकाच घरात दोन्ही धर्मांची माणसे असणे तिथे नवलाचे नाही. जहाजावर रविवारी वॉर्डात उपासना होई, ज्याला यायचे तो येई. उपचाराशी तिचा संबंध नव्हता आणि नसावाच, असे माझे ठाम मत आहे : वेदनेत असलेल्या माणसाला ज्याच्यावर तो सर्वस्वी अवलंबून आहे त्याने श्रद्धेविषयी अट घालणे, किंवा तशी शंका येईल असे वागणे, हे येशूच्या शिकवणुकीला धरून नाही. कोणी विचारले तर मी माझ्या प्रभूविषयी मोकळेपणाने बोलत असे, आणि पुष्कळ जण विचारत. अनेकदा असे व्हायचे की प्रार्थना कर असे मला सांगणारी बाई मुसलमान असायची आणि मी मराठीत प्रार्थना केली तरी ती शेवटी ‘आमेन’ म्हणायची.

२०२४ मध्ये ईस्टर ३१ मार्चला आला आणि तो रमजानचा काळ होता. वॉर्डातल्या कित्येक आया रोजे धरत होत्या. रुग्णांना सूट असते, पण त्यांच्याजवळ राहणाऱ्यांनी ती घेतली नव्हती. संध्याकाळचे जेवण त्यांच्यासाठी झाकून ठेवावे लागे, आणि सूर्य बुडाला की आधी खजूर आणि पाणी पोचवण्याची जबाबदारी ज्या परिचारिकेची पाळी असेल तिची. ईस्टरच्या सकाळी दुभाष्यांनी ढोलक्या आणल्या. आमच्याकडे पहाटेच्या उपासनेत जी गंभीर शांतता असते ती तिथे अजिबात नव्हती. प्लास्टर घातलेली मुले कुबड्यांवर डोलत होती आणि रोजा असलेली एक आजी आमच्या गाण्यावर टाळ्यांचा ठेका धरून बसली होती. दहा दिवसांनी ईद आली तेव्हा त्याच ढोलक्या पुन्हा निघाल्या. मंडळीतल्या ज्या बंधुभगिनींनी मला ‘किती जणांचा बाप्तिस्मा झाला’ असे विचारले, त्यांना मी या दोन सकाळींविषयी सांगते.

धक्क्यापासून जवळच, क्लाइन टाउन या वस्तीत, जुन्या फूरा बे कॉलेजच्या लालसर दगडी इमारतीचे अवशेष आहेत. छप्पर गेलेले, भिंती उभ्या. चर्च मिशनरी सोसायटी या इंग्लंडच्या मिशनरी संस्थेने १८२७ मध्ये सुरू केलेल्या या कॉलेजच्या पहिल्या विद्यार्थ्यांत सॅम्युएल क्राउदर होते. गुलामांच्या जहाजावरून १८२२ मध्ये सोडवलेला हा मुलगा फ्रीटाउनला आणला गेला, शिकला, योरुबा भाषेत पवित्र शास्त्राचे (बायबलचे) भाषांतर करणारा झाला आणि १८६४ मध्ये अँग्लिकन चर्चचा पहिला आफ्रिकी बिशप झाला. सुट्टीच्या दिवशी मी तिथे मुद्दाम जात असे, कारण त्याच सोसायटीने आमच्या नाशिकला शरणपूरची वसाहत वसवली होती. अरबी समुद्रात गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली पूर्व आफ्रिकेतली मुले मुंबई बंदरात उतरवत आणि त्यांतली कित्येक शरणपूरच्या आश्रमात पाठवत. तिथे ती सुतारकाम, लोहारकाम आणि लिहिणे-वाचणे शिकली. त्यांच्यातलाच जेकब वेनराइट हा आफ्रिकेत शोधप्रवास करणारे मिशनरी डॉ. लिव्हिंगस्टन यांच्या मोहिमेत सामील झाला. १८७३ मध्ये लिव्हिंगस्टन वारले तेव्हा अंत्यविधीची प्रार्थना त्याने वाचली, आणि पुढच्या वर्षी लंडनला वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत शवपेटीला खांदा देणाऱ्यांतही तो होता. शरणपूरचे अनेक जण नंतर मोंबासाजवळच्या फ्रेरेटाउन या मुक्त गुलामांच्या वसाहतीत शिक्षक आणि कारागीर म्हणून गेले. नाशिकहून आफ्रिकेला सेवेसाठी जाणारी मी पहिली नव्हे, दीडशे वर्षांपूर्वी हे लोक गेले होते, ही गोष्ट त्या भिंतींजवळ उभे राहून आठवताना मला फार बळ मिळत असे. शरणपूर रोडवरून रोज जाणाऱ्या नाशिककरांपैकी किती जणांना हा इतिहास माहीत आहे, याची मला शंका आहे. तो शाळांत सांगितला गेला पाहिजे.

(घरची आठवण येण्यासाठी एवढे लांब जावे लागत नसे. फ्रीटाउनचे चढउताराचे रस्ते ‘केके’ म्हणजे तीनचाकी रिक्षांनी भरलेले असतात आणि त्यांतल्या कितीतरी बजाजच्या. वाळूजच्या कारखान्यात नोकरी केलेल्या माझ्या भावाला मी तिथल्या रिक्षांचे फोटो पाठवत असे.)

शेवटच्या महिन्यांत माझ्या पाळीला शहरातल्या एका सरकारी रुग्णालयातली परिचारिका शिकण्यासाठी जोडली गेली. जहाज कायम राहणार नाही, म्हणून स्थानिक सर्जन, भूलतज्ज्ञ आणि परिचारिका यांचे प्रशिक्षण हा या कामाचा भाग असतो; माझ्या मते तोच सर्वांत टिकाऊ भाग आहे आणि त्यासाठी अधिक माणसे आणि अधिक वेळ द्यायला हवा. कातडी बसवलेल्या जखमेची निगा, पट्ट्या बांधण्याची पद्धत, बोटांचे व्यायाम, हे तिने माझ्याकडून घेतले. वीज गेली की ऑक्सिजनचे यंत्र बंद पडते, अशा वेळी कोणत्या रुग्णाला आधी सिलिंडर लावायचा हे झटकन ठरवण्याची तिची नजर मी तिच्याकडून घेतली. कोनोच्या त्या मुलीची पट्टी रात्री किती महिने बांधायची, हे तिच्या आईला समजावण्याचे काम या परिचारिकेनेच केले, आणि माझ्यापेक्षा कितीतरी चांगले केले, कारण त्या चुलीपाशी ती स्वतः वाढलेली होती. मुलगी जाण्यापूर्वी बोटांत रंगाचा खडू धरू लागली होती. मूठ अजून पूर्ण वळत नव्हती.

जाण्याचा विचार करणाऱ्या परिचारिकांसाठी थोडे व्यवहाराचे सांगते. शस्त्रक्रियेच्या वॉर्डातला अनुभव आणि कामापुरते इंग्रजी लागते. पीतज्वराची लस घेऊन तिचे प्रमाणपत्र जवळ ठेवावे. ते तिथे उतरताना लागते आणि भारतात परतताना विमानतळावरही मागतात. हिवतापाच्या गोळ्या चुकवू नयेत. खोली दोघींत-चौघींत मिळते, खिडकी मिळेलच असे नाही, आणि ऑगस्टचा पाऊस कोकणच्या पावसाला लाजवील असा असतो. सर्वांत मोठा अडसर पैशाचा असतो : विमानभाडे आणि दरमहाचा खर्च आपल्या पगारदार परिचारिकेला एकटीने झेपणारा नाही. माझा खर्च मंडळीने उचलला. कोणी दानार्पणाच्या पाकिटात शंभर रुपये टाकले, कोणी एका महिन्याचे निवृत्तिवेतन दिले. केवळ डॉक्टर-परिचारिकाच लागतात असे नाही, जहाजाला वीजतंत्री, नळकारागीर, आचारी, शिक्षकही लागतात. आमच्या मंडळीतला एक तरुण वीजतंत्री सध्या अर्ज भरतो आहे, आणि त्याच्या खर्चासाठी महिला मंडळाने या नाताळात करंज्या-चकल्यांची विक्री ठेवली आहे. भाजणीची जबाबदारी माझ्याकडे आहे.